कवंदीचं पोट

धुकं इतकं खाली उतरलं होतं की भोमवाड्यातल्या कोंबड्यांना उजाडल्याचा पत्ताच नव्हता. समोरचं सागाचं रान दिसत नव्हतं, नुसतं टपटपताना ऐकू येत होतं. नाताळ होऊन गेला होता, भात मळून घराघरात आलं होतं आणि आता माणसांना थंडीशिवाय दुसरं काही बोलायला उरलं नव्हतं.

सेरफीननं डालगं उचललं तरी कोंबड्या जागच्या हलेनात. "चला गो बायांनो, मला एकटीलाच थंडी वाजत नाही होय," म्हणत तिनं त्यांना पायानं बाहेर ढकललं. अंगण झाडलं, दवानं भिजलेला पाला कोपऱ्यात लोटला, चुलीवर पेज चढवली. मग केसात खोवलेली सुई काढली. सिद्दी बाईचे केस असे दाट आणि कुरळे की त्यात खोवलेली सुई कधी पडत नाही. सेरफीनचे आता निम्मे पांढरे झाले होते, पण सुई धरून ठेवण्यात काही कमी पडत नव्हते.

शेजारच्या हुसेनबीच्या नातीला पहिलं मूल व्हायचं होतं. त्याच्या पाळण्यासाठी छोटी कवंदी, म्हणजे चिंध्यांची गोधडी, घालायची होती. सेरफीननं सारवलेल्या ओसरीवर मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा पसरला आणि चिंध्यांचं गाठोडं सोडलं.

कवंदी घालायची ती कडेपासून. एका कोपऱ्यात बसायचं आणि चिंधीला चिंधी लावत, कड दुमडत, बारीक टाका घालत चारी बाजूंनी फिरत आत आत यायचं. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरते. ते तिचं पोट. त्यात चिमूटभर तांदूळ घालायचे आणि वरून शेवटची चिंधी ठेवून शिवून टाकायचं. पोट भरलेली कवंदी पांघरणाऱ्याला उपाशी ठेवत नाही, असं भोमवाड्यात मानतात. चार कोपऱ्यांना चार फुलं लावायची, म्हणजे घडीवर घडी घातलेल्या टोकेरी पाकळ्या. फुलांवाचून असलेल्या कवंदीला बायका नागडी म्हणतात, आणि नागडी कवंदी कुणी कुणाला देत नाही.

चिंध्या काय, सगळ्यांच्याच घरी असतात. पण त्या कुठं ठेवायच्या हे सेरफीनच्या डोळ्याला कळायचं. फुलाफुलांच्या झंपराशेजारी ती दुसरं फूल येऊ देत नसे. तिथं लुंगीची पट्टी घालायची, म्हणजे डोळा जरा टेकतो. शाळेच्या गणवेशाचा निळा, निवडणुकीत राहून गेलेल्या झेंड्याचा हिरवा, शिंप्यानं फेकलेले अस्तराचे तुकडे, कुणाच्या तरी लग्नातल्या शालूची जळलेली कड, असलं सगळं तिच्या हाताखाली एकमेकांशी भांडायचं सोडून गप्पा मारायला लागायचं. आणि कुठं फारच मळकट दिसलं की ती वर बोटाएवढी लाल चिंधीची टिकली लावायची. "ही कवंदी दुरून बोलावते गो," बायका म्हणायच्या.

मोठ्या कवंदीला दोघी लागतात. एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. समोरासमोर बसून दोघी आत सरकत येतात आणि पोटापाशी त्यांची डोकी एकमेकींना लागतात. एकटीनं घालायची म्हणजे सारखं उठा, चटई उचला, पलीकडे जाऊन बसा. पाळण्याची घालायला तसा त्रास नाही, हाताखाली मावते. म्हणून आताशा सेरफीन पाळण्याच्याच घालायची. मोठ्या मागायला कुणी आलं की गुडघे दुखतात म्हणून सांगायची. गुडघे दुखत होतेच, ते काही खोटं नव्हतं.

तिच्या समोर तीस पावसाळे बसलेली बाई म्हणजे तिची थोरली जाव, दुमिंगा.

सेरफीन लग्न होऊन आली तेव्हा तिला कोपऱ्याचं फूल दुमडता येत नव्हतं. दुमिंगानं तिचा हात धरून शिकवलं आणि जन्मभर ते बोलून दाखवलं. दोघींचे नवरे लाकडाच्या अड्ड्यावर एकाच करवतीच्या दोन टोकांना असायचे. दोघा भावांत मिळून एक चांगला कोट होता. एक भाऊ तो घालून रविवारी इगर्जीत पहिल्या मिसेच्या प्रार्थनेला जायचा, दुसरा त्याच्या यायची वाट बघून दुसऱ्या मिसेला. दोघं एकापाठोपाठच्या दोन हिवाळ्यांत तापानं गेले. सेरफीनला मूलबाळ झालं नाही. दुमिंगाचा मुलगा बस्त्याव हल्याळला टेम्पो चालवायला गेला. मग घरात ह्या दोघी आणि चिंध्यांची गाठोडी एवढंच राहिलं.

दुमिंगाचा टाका लांब आणि तिरका, बेडकानं उड्या मारल्यासारखा. सेरफीनचा मुंगीच्या रांगेसारखा. कवंदी हातात घेतली की कुणीही सांगायचं, ह्या बाजूला थोरली, त्या बाजूला धाकटी.

मागच्याच्या मागच्या पावसात दुमिंगा डोळ्याच्या ऑपरेशनला हल्याळला लेकाकडे गेली. अर्धी झालेली मोठी कवंदी मागे राहिली. सेरफीनला वाटलं, अक्का थकून येईल, तिला गरम पांघरूण तयार मिळू दे. पाऊस कोसळत होता, दुसरं काम नव्हतं. ती एकटीच उठबस करत आत आत गेली. हात लागलाच होता म्हणून दुमिंगाच्या बाजूचे लांब टाके उसवून तिथंही बारीक घातले. तांदूळ घातले, पोट शिवलं. अशी देखणी कवंदी वाड्यात आजवर झाली नव्हती.

दुमिंगा आली ती डोळ्यावर पट्टी घेऊन. सेरफीननं कवंदी तिच्या मांडीवर ठेवली. दुमिंगानं ती सगळी चाचपली, मधोमध बोट ठेवलं आणि म्हणाली, "झाली म्हणायची." त्या दिवशी तिनं पेज घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परत गेली आणि तिकडेच राहिली.

हुसेनबीनं तेव्हाच विचारलं होतं, "आणि तिचे तांदूळ कुणाच्या हातानं घातलेस गो?" तेव्हा कुठं सेरफीनला ते आठवलं. दोघींनी घातलेल्या कवंदीत दोघींची चिमूट पडावी लागते. जिची पडली नाही, तिचं त्या घरातलं ताट उठलं. सेरफीननं ती कवंदी घडी घालून दुमिंगाच्या ट्रंकेवर ठेवली. पांघरली कुणीच नाही.

पेज उतू जायला आली आणि त्याच वेळी वळणावर टेम्पो खाकरला. बस्त्याव उतरला, कानाला मफलर गुंडाळलेला.

"काकी, आहेस काय गो?"

"नसून जाते कुठं? ये, पेज घे."

"पेज नको, चहा दे. पुढच्या गावात सिमेंट टाकायचंय."

हुसेनबी एक जुनी लुंगी घेऊन कुंपणातून येतच होती. तीही टेकली. बस्त्यावनं चहा बशीत ओतला, फुंकला, पुन्हा कपात ओतला. मग बशीकडे बघतच म्हणाला, "आईनं ट्रंक मागितलीय."

सेरफीनची सुई थांबली. "ट्रंक कशाला? कपाट नाही होय तुमच्यात?"

"आहे की."

"मग?"

"मला काय माहीत गो काकी. म्हणाली, तिकडं आता माझं काही ठेवू नको."

हुसेनबीनं लुंगी मांडीवर पसरली आणि हातानं साफ करत बसली. ट्रंक होती तोवर दुमिंगा पाहुणी गेली आहे असं म्हणता येत होतं. सेरफीन येणाऱ्याजाणाऱ्याला तसंच सांगायची, अक्का लेकाकडे आहे, येईल. दोन वर्षं होत आली, सांगत होती.

"दुपारी परत जाताना ये," ती म्हणाली. "ट्रंक मी घेऊन येते."

"तू? टेम्पोतनं?"

"का, सिमेंटापेक्षा जड आहे होय मी?"

बस्त्याव गेला. हुसेनबी हळूच म्हणाली, "भांडायला जातीस की आणायला?"

"आणायला."

"मग तोंड जरा बरं कर. असं तोंड बघून माझी शेळीसुद्धा परत यायची नाही."

सेरफीननं ट्रंकेवरची कवंदी खाली घेतली. उन्हाचा पहिला पट्टा ओसरीवर आला होता, त्यात ती पसरली. मधली चिंधी पिवळी होती, हळदीच्या पानासारखी. तिनं सुईचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं.

"काय करालीस गो?" हुसेनबी उठून उभी राहिली. "पोट उसवतीस?"

"हूं."

"असं कुणी केलंय कधी?"

"नाही केलं कुणी."

"काही व्हायचं बाई."

"व्हायचं ते दोन वर्षांमागे झालं," सेरफीन म्हणाली आणि दुसरा टाका उचलला.

स्वतःच्याच हातचे टाके, इतके बारीक की सुई शिरायला जागा नव्हती. उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. चिंधी निघाली तेव्हा तिनं आत बोट घातलं. तांदूळ नव्हते. टोका लागून सगळ्याचं पीठ झालं होतं, आणि त्यात दोन मेलेले किडे. तिनं ते तळहातावर घेऊन बघितलं. हुसेनबीनंही वाकून बघितलं. सेरफीननं पीठ कोंबड्यांपुढे झाडलं. कोंबड्यांना ते दिसलंसुद्धा नाही.

दुपारी बस्त्यावनं ट्रंक उचलून टेम्पोत ठेवली. सेरफीननं पसाभर नव्या तांदळाची गाठ पदराला मारली, कवंदी काखेत धरली आणि टेम्पोत चढली. रस्ताभर बस्त्याव डिझेलचं बोलत होता. ती हो हो म्हणत होती आणि मनात एकच वाक्य घोळवत होती. अक्का, तुझे तांदूळ राहिले होते. आधी ते म्हणायचं, मग घरी चल म्हणायचं.

हल्याळला बसस्टँडच्या मागे सिमेंटच्या दोन खोल्या, दारात नळ, नळाखाली निळी बादली. दुमिंगा पायरीवर उन्हाला पाय करून बसली होती. जाड भिंगाचा चष्मा, हातात जपमाळ. अंगानं उतरली होती.

"कोण गो?"

"मी आहे."

"मी म्हणत सगळ्याच येतात. नाव नाही होय तुला?"

"सेरफीन."

"अस्सं. मी ट्रंक मागितली होती." दुमिंगानं पाय जरा आत घेतले. "बस. ऊन आहे तोवर बस."

सेरफीन बसली. बस्त्यावनं ट्रंक आत नेऊन ठेवली आणि टेम्पो धुवायला निघून गेला. ठरवलेलं वाक्य तोंडात येईना. तिनं नुसतीच कवंदी दुमिंगाच्या मांडीवर ठेवली. दुमिंगाची बोटं कडेवरून फिरली, कोपऱ्यातल्या फुलावर टेकली, आत आत गेली आणि मधल्या भोकात पडली.

"फाडलीस?"

"उसवली."

"कसाबीण झालीस की गो म्हातारपणी."

"तुझे तांदूळ राहिले होते, अक्का."

"आणि तुझे?"

"माझ्यांना टोका लागला. नुसतं पीठ निघालं."

दुमिंगा हसली. हसताना तिला ठसका लागला. "बरं झालं. एकटीनं वाढून घेतलं की दुसरं काय व्हायचं."

सेरफीनही हसली. तिला वाटलं, आता झालंच. पण दुमिंगाची बोटं पुन्हा कवंदीवर फिरायला लागली होती.

"मला सांग, ह्यात माझी बाजू कुठली?"

"ही काय. ही, तुझ्या गुडघ्याकडची."

"कशावरून?"

सेरफीननं बोट टेकवलं, तिथं तिचाच बारीक टाका होता.

"तू समजालीस मी तांदळासाठी गेले," दुमिंगा म्हणाली. "तांदूळ काय, विसरतं माणूस. डोळ्याला पट्टी होती माझ्या, बोटाला नव्हती. सगळी कवंदी चाचपली, सगळीकडं तूच. मला वाटलं मेले की काय मी, आणि मलाच कुणी सांगायचं राहिलं."

"लांब होते गो टाके. अंगठा अडकायचा पांघरणाऱ्याचा."

"अडकू दे की. अडकला की कळतं, इथं दुमिंगा बसली होती."

नळ टपकत होता. शेजारच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावला आणि बंद केला. सेरफीननं दुमिंगाच्या बाजूचा आपलाच एक टाका नखानं उचकटून बघितला, जणू खाली जुना सापडणार होता.

"ते आता परत घालता येत नाहीत, अक्का."

"नाहीत. तू देखणं करायला बघितलंस. देखणी झालीच आहे, सगळ्या म्हणतात." मग आतल्या खोलीकडे हात करत, "ट्रंक उघड. अगदी तळाला हात घाल. बटणं लागतील."

सेरफीननं आत जाऊन तळातून काढून आणला तो कोट होता, दोघा भावांचा. बाहेरून कसरीनं खाल्लेला, आतलं लाल अस्तर मात्र धड. दुमिंगानं दातानं अस्तराचा एक तुकडा फाडला. "हा वाटून घ्यायचा राहिलाच होता आपला. सुई ओवून दे. मला भोक दिसत नाही."

सेरफीननं केसातली सुई काढून ओवली. पदराची गाठ सोडली. दुमिंगानं चिमूट घेतली आणि आत घातली. "तुझी घाल. आता उपाशी राहू नको." मग लाल तुकडा ठेवून ती शिवायला लागली. चष्मा नाकावर, मान वाकडी, दर टाक्याला आधी बोटानं जागा शोधायची. पहिल्यापेक्षा लांब, पहिल्यापेक्षा वेडेवाकडे टाके पडले. एक तर लाल तुकड्याच्या बाहेरच पडला. सेरफीनचे हात शिवशिवत होते. तिनं ते मांडीखाली दाबून धरले.

दुमिंगाची गाठ मारून झाल्यावर सेरफीन म्हणाली, "अक्का, ट्रंक परत टेम्पोत ठेवू दे?"

दुमिंगानं सुई तिच्या हातात दिली. "एक डोळा गेला माझा. दुसऱ्यानं उजेड तेवढा दिसतो. तिकडं विहिरीच्या पायऱ्या मला दिसायच्या नाहीत. इथं नळ आहे दारात."

"मी हात धरून नेईन की."

"नेशील. अंघोळीला नेशील, रानात नेशील, इगर्जीत नेशील. आणि मग माझे टाके सारखे करशील." तिनं सेरफीनच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राग गेला गो माझा. पण मी येत नाही."

सेरफीननं मान हलवली. दुमिंगाला ते दिसलं नाही, म्हणून ती तोंडानं म्हणाली, "बरं."

"कवंदी तू ने. तिकडं थंडी. आणि पांघर. नाहीतर घडी घालून पूजा करत बसशील."

"आणि मोठी घालायची झाली तर?"

"एक कोपरा माझा ठेव," दुमिंगा म्हणाली. "येईन, नाही येईन. कोपरा ठेव."

परतीच्या बसमध्ये खिडकीची काच वर होत नव्हती. सेरफीननं कवंदी डोक्यावरून घेतली. कंडक्टरनं विचारलं, "बाई, कुठनं घेतलीस? लई रंगीत आहे." "घरची आहे," ती म्हणाली. भोमवाड्याच्या वळणावर उतरली तेव्हा तिच्या घरात दिवा नव्हता. असायचं काही कारणही नव्हतं.

सकाळी जाग आली तेव्हा तिच्या हाताचा अंगठा लाल तुकड्याच्या टाक्यात अडकला होता. तिनं तो लगेच सोडवला नाही. बाहेर पुन्हा तसंच धुकं, पुन्हा तसंच टपटपणं, कोंबड्या डालग्यात कुरकुरत होत्या.

ती उठली आणि तिला कोपऱ्यातला तो चौकोन दिसला. ट्रंक इतकी वर्षं हलली नव्हती, तेव्हा खालची जमीन कधी सारवलीच गेली नव्हती. भोवतीची काळसर गुळगुळीत, आणि मधोमध ट्रंकेच्या मापाची फिकट, भेगाळलेली माती. तिच्यावर झुरळाचे पंख आणि कोटाचं एक बटण.

कुंपणापलीकडून हुसेनबीचा आवाज आला. "आली गो?"

"नाही."

मग, "बरी आहे?"

"बरी आहे. जीभ तशीच आहे."

"हां, मग बरीच आहे. आणि माझ्या पणतूची पाळण्याची?"

"घालते. आधी घर सारवू दे."

सेरफीननं बटण उचलून चिंध्यांच्या गाठोड्यात टाकलं. चौकोन झाडला. पाटीतलं शेण घमेल्यात घेतलं, पाणी ओतलं आणि कालवायला बसली. पाणी बर्फासारखं गार होतं. मग पदर खोचून ती त्या चौकोनापासून सुरुवात करून, हात फिरवत, रोजच्यासारखी मागे मागे सरकत दाराकडे निघाली.